कोणाचंही नाव घ्या

पनवेलजवळ करंजाड्याला आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल दोन समज आहेत. एक, मी गाते. दुसरा, माझ्या ओळखीने कुणाच्याही मुलीला सिनेमात गायला मिळू शकतं. दोन्ही साफ खोटे. गणपतीत दरवर्षी माझ्या हातात माइक देतात आणि मी दरवर्षी तो शेजारच्या बाईकडे सरकवते. तिला वाटतं मी भाव खाते. माझा आवाज तिने ऐकलेला नाही, म्हणून तसं वाटतं.

मी सिनेमाच्या संगीताच्या कंपनीत काम करते. कार्डावर म्यूझिक एक्झिक्युटिव्ह असं भारदस्त लिहिलंय. म्हणजे काय, तर चाल सुचते संगीतकाराला, लिहितो गीतकार, गातो गायक, पडद्यावर ओठ हलवतो हिरो, आणि गाणं वेळेवर आलं नाही तर बोलणी खाते मी. लग्नघरात एक बाई असते, कमरेला किल्ल्या खोचून फिरणारी. फोटोला तिला कुणी बोलवत नाही, पण नारळ सापडेनासे झाले की सगळे तिच्याच नावाने ओरडतात. ती मी. आठवड्यातून तीन दिवस अंधेरीच्या ऑफिसात, बाकीचे दिवस घरी जेवणाच्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून.

आमच्या धंद्यात पहिल्यांदा सगळं डमी असतं. चाल सुचली की संगीतकार तोंडाला येतील ते शब्द घालून ती गाऊन ठेवतो, ते डमी शब्द. मोठ्या गायकाची तारीख मिळेपर्यंत कुणीतरी गाऊन ठेवतो, तो डमी आवाज. मग एकेक डमी काढायचं आणि त्या जागी खरं बसवायचं. ‘बटाटा घे, टमाटा घे’ अशा शब्दांवर एक विरहगीत मी पहिल्यांदा ऐकलं होतं आणि माझे डोळे भरून आले होते. वीस वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली की रविवारी जेवायला कुणाला बोलवायचं असं नवऱ्याने विचारलं तरी मी म्हणते, "आत्ता कुणाचंही नाव धर रे, मग बदलू." तो म्हणतो, आपलं लग्नही तू असंच ठरवलं असशील.

त्या लग्नाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिथे येऊन ठेपतं.

आमचं लग्न कोर्टात झालं. जात वेगळी, जिल्हा वेगळा, त्याच्या घरचे गप्प आणि माझ्या घरी नुसती आई. ती आली नाही. भांडली नाही, रडली नाही, फोनवर एवढंच म्हणाली, "लोक काय म्हणतील गं," आणि फोन ठेवला. आम्ही चार सह्या केल्या, तिघा मित्रांनी साक्षीच्या केल्या, मग पाचजणांनी मिळून वडापाव खाल्ला. हळद नाही, मांडव नाही, काही नाही. मी तेव्हा फार ताठ होते. ह्या गोष्टींवाचून माझं काही अडत नाही, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. ज्याचं खरोखर अडत नाही तो इतकं सांगत बसत नाही, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

आई पुढे निवळली. दर रविवारी फोन करायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन महिने आमच्याकडे करंजाड्याला येऊन राहिली, नवऱ्याच्या हातचा चहा प्याली, त्याला ‘जावईबापू’ म्हणाली. पण लग्नाचा विषय ना तिने काढला ना मी. मला वाटायचं, तिने काढावा. तिलाही तसंच वाटत असणार. दोघी सारख्याच हट्टी. त्यानंतरच्या वर्षी ती गेली आणि विषय तसाच राहिला.

त्या दोन महिन्यांत आईचं आमच्यापेक्षा जास्त पटलं ते मावशीशी. मावशी म्हणजे गव्हाणची आमची मासेवाली. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी सकाळी सोसायटीच्या फाटकाशी पाटी उतरवून बसते. वय विचारलं तर "सत्तरीच्या पुडं, देवानी मोजला असंल" असं सांगते. कोलंबी महाग का, असं विचारणाऱ्या बाईला ती कोलंबीच देत नाही. मला मात्र पहिल्या दिवसापासून ‘बाय’ म्हणते. आई जन्माची शाकाहारी, माशाच्या वासाने पदर नाकाला लावणारी. पण गुडघ्याला चालण्याचा व्यायाम म्हणून फाटकापर्यंत जायची, वॉचमनच्या खुर्चीवर बसायची आणि पदर नाकाला लावूनच मावशीशी तासतासभर बोलायची. काय बोलता एवढं, म्हणून विचारलं तर म्हणायची, "आमचं आम्ही."

आई गेल्यावर पहिल्यांदा मावशी आली तेव्हा तिने पाटी उघडलीच नाही. मला जवळ बसवलं, आईचं नाव घेऊन "चांगली व्हती गं" म्हणाली, आणि उठून गेली. त्या दिवशी कुणालाच मासळी मिळाली नाही.

मावशी धवलारीण आहे हे मला त्यानंतर दोनेक वर्षांनी कळलं. इकडच्या आगरी-कोळ्यांच्या गावांत लग्नाचे विधी गाण्यातून होतात. ती गाणी म्हणजे धवले, आणि ते गाऊन लग्न पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. मावशीच्या पुतण्याच्या लग्नाला मी गव्हाणला गेले होते. एरवी माझ्याशी मांदेलीवरून हुज्जत घालणारी बाई मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक भरून त्याच्यापुढे बसली होती, बाजूला तिची धाकटी जाऊ, आणि दोघी गात होत्या. गावदेवीला बोलावत होत्या, वेशीवरच्या देवाला, खाडीला, गेलेल्या वाडवडलांना, एकेकाला नाव घेऊन: या, मांडवात बसा, अमक्याच्या पोराची हळद आहे. आवाज गोड म्हणावा असा नव्हे. पण मी दिवसभर चकचकीत आवाज ऐकते. हा आवाज ऐकला आणि हातातला सरबताचा ग्लास तसाच धरून उभी राहिले.

मग तिने पाच सवाष्णींना हळद लावायला बोलावलं. मी अगदी समोर उभी होते. माझ्यावरून तिची नजर गेली आणि तिने माझ्या मागच्या बाईला हाक मारली.

पुढच्या बुधवारी मी थट्टेत म्हटलं, "काय मावशी, मला नाही बोलावलंत हळद लावायला."

ती निवट्या साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "तुजा लगीन कुठं लागला?"

"कोर्टात."

"देव व्हते?"

"रजिस्ट्रार होता."

"मंग देवांना ठाव नाय तुजा लगीन," ती म्हणाली. "राग नको धरू, बाय. जिचा धवला झाला नाय तिला त्या पाचात कशी बोलवू?"

मी हसले. वर येऊन नवऱ्याला सांगितलं, तोही हसला. पण भांडी घासताना मला उगाच वाईट वाटत राहिलं.

आता सिनेमाचं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक चित्रपट आला. त्यात समुद्राकाठच्या गावातलं लग्न होतं. दिग्दर्शकाला खरा आवाज हवा होता. स्टुडिओतल्या कोरसच्या मुली नाकात गाऊन ‘गावरान’ करतात तसलं नको, म्हणाला. संगीतकार पोरगेलासा, हुशार, पण त्याचा समुद्र वर्सोव्याच्या कॉफीच्या दुकानातून दिसणारा. मीटिंगमध्ये सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मी छाती पुढे काढून म्हटलं, माझ्याकडे आहे एक बाई.

मावशी सरळ नाही म्हणाली. पैसे विचारले नाहीत, सिनेमा कुठला ते विचारलं नाही.

"लगीन नाय तं धवला नाय."

"मावशी, नुसतं रेकॉर्डिंग आहे."

"तेच सांगतंय. देवांना नावानी बोलवायचा, ते येतात. आले न मांडव नाय, नवरी नाय, तं काय सांगू त्यांना? चला, परत जा?" मग तिने सुरी खाली ठेवली. "माज्या सासूनी मना ही इद्या दिली तवा शबुद घेतलता. जिनी खोटा धवला गायला तिनी परत मांडवात बसायचा नाय. वैशाखात माज्या नातीचा लगीन हाय, बाय. आयबाप नाय तिला, मीच वाढवलीय. तिचा धवला मना गावाचा हाय. तेवढा एक गायला की मी मोकली."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी मीटिंगमध्ये शब्द देऊन बसले होते, आणि माणसांना पटवणं हीच माझी भाकरी. त्या शुक्रवारी मी पुन्हा गेले. म्हटलं, मावशी, सिनेमात लग्न आहे. खरा मांडव घालणार आहेत, समुद्राकाठी. नवरीला खरी हळद लावणार आहेत. तुम्ही देवांना तिकडे पाठवा.

तिने खूप विचार केला. नवरीचं नाव काय, विचारलं. नवऱ्याचं? तिच्या आईचं? धवल्यात तिघांचीही नावं येतात, आईचं तर येतंच. मी म्हटलं, रेकॉर्डिंगच्या दिवशी कागदावर लिहून आणते.

"नक्की आन," ती म्हणाली. "नावाबिगर देव कुठं जातील? एकच डाव गाईन. पुन्ना पुन्ना नाय."

रेकॉर्डिंगला तिला अंधेरीला न्यायचं माझ्या जिवावर आलं. पनवेलमध्ये जुन्या बाजाराच्या मागे एक छोटा स्टुडिओ आहे. खाली कापडाचं दुकान, वर त्याचं दार. भजनी मंडळांच्या आणि हळदीच्या डीजेच्या गाण्यांवर तो चालतो. तो सकाळी दहाला घेतला. मावशी पावणेदहालाच आली, अंगावर नऊवारी, हातात पितळी ताम्हन, तांदूळ, हळद, नारळ, आणि बरोबर धाकटी जाऊ. संगीतकार हेडफोन घेऊन पुढे झाला तर म्हणाली, "कान झाकून देव कसे ऐकू येतील?" ताल धरायला ठोका कानात वाजवायचा होता तोही तिने नाकारला. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माइक लाव आणि बाजूला हो.

दोघी खाली चटईवर बसल्या, तिने पिठाचा चौक काढला, आणि सुरू झाल्या. काचेच्या अलीकडे आम्ही. गावदेवी आली, वेशीवरचा देव आला, खाडी आली, वाडवडील आले. संगीतकार तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की विचारू नका.

मग ती थांबली. काचेतून माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. कागद.

कागद माझ्याकडे नव्हता. आदल्या दिवशी दिग्दर्शकाने पटकथा बदलली होती. नवरीचं नाव बदलायचं होतं, आईची भूमिका ठेवायची की आत्याची करायची याचा घोळ चालू होता. नावं आली की पाठवतो, म्हणाला होता. मी काय करावं? वीस वर्षं जे करत आले तेच केलं. आतल्या स्पीकरचं बटण दाबलं आणि म्हटलं, "मावशी, नावं अजून ठरली नाहीत. कोणाचंही नाव घ्या. डमी. आपण नंतर बदलू."

बोलून झाल्यावर मला तिचा चेहरा दिसला. ती रागावली नव्हती. घाबरली होती. अकरा वर्षांत मी ह्या बाईला घाबरलेलं बघितलं नव्हतं. ती त्या चौकाकडे बघत होती, आणि तिच्या लेखी तिथे बोलावलेली सगळी मंडळी येऊन बसली होती, आणि त्यांना सांगायला नवरी नव्हती.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दिग्दर्शक. मी जिन्यात गेले, कारण दिग्दर्शकाचा फोन आम्ही उचलतोच. तो वरातीच्या बँडबद्दल बोलत होता. मी हो हो करत होते. फोन संपवून आत आले तेव्हा गाणं संपलं होतं.

"मिळालं," संगीतकार म्हणाला. "एका दमात गायल्या. सॉलिड."

"नाव कुणाचं घेतलं?"

"डमीच असेल ना काहीतरी. मी सुरांकडे बघत होतो."

मावशी ताम्हन आवरत होती. मी जवळ गेले तशी तिने बोटं हळदीत बुडवली आणि माझ्या दोन्ही गालांना लावली. चहा घेतला नाही. जिना उतरून दोघी गेल्या. रिवाज असेल, असं समजून मी स्टुडिओच्या बेसिनवर साबणाने तोंड धुतलं. अंधेरीला मीटिंग होती.

त्या रविवारी मावशी आली नाही. बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. पुढच्या रविवारी पाटी घेऊन तिची जाऊ आली.

"जाव लग्नाच्या कामात हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, "धवला त्याच गाणार ना, नातीचा?"

"मना नाय ठाव, बाय. ती गप गप असतं."

मी मासळी न घेताच वर आले. माझ्या मनात आता शंका उरली नव्हती. मी तिला खोटा धवला गायला लावला होता. तिने सासूला दिलेला शब्द माझ्या एका वाक्याने मोडला होता, आणि आता ती नातीच्या मांडवात बसणार नव्हती. आणि मी कुठे होते? जिन्यात, बँडबद्दल बोलत. संगीतकाराने फाइल पाठवली होती, ती मी उघडली नाही. माझी हिंमत झाली नाही. नवरा म्हणाला, गव्हाणला जाऊन माफी माग. मी म्हटलं, काय म्हणून मागू? तुमचे देव मी उपाशी परत पाठवले म्हणून? तो म्हणाला, हो, असंच.

मी गेले नाही. लग्नाची पत्रिका मात्र आली, जावेच्या हाती, हळदीचं बोट लावलेली. ती फ्रिजवर चिकटवली आणि येताजाता तिच्याकडे न बघता पाणी घ्यायला लागले.

मग एका सकाळी संगीतकाराचा फोन आला. नावं ठरली होती. त्याने दुसरी एक गायिका बघितली होती, ती तेवढी तीन नावं मावशीच्या आवाजाशी जुळवून गाणार होती. डमी नावं नेमकी कुठे येतात त्याच्या खुणा करून द्या, म्हणाला, मला ती बोली कळत नाही. हे माझंच काम. टाळता येण्यासारखं नव्हतं. जेवणाच्या टेबलावर बसले, हेडफोन लावले, वही पेन्सिल घेतली.

देव आले, खाडी आली, वाडवडील आले. मग ती थांबल्याची शांतता. मग माझाच आवाज, स्पीकरमधून, पत्र्यासारखा: कोणाचंही नाव घ्या. मग एक बांगडी वाजली. आणि मावशीने नाव घेतलं.

माझं.

मी पेन्सिल खाली ठेवली. मला वाटलं, सुचेना म्हणून समोरच्या बाईचं नाव घेतलं असेल. पण पुढे नवऱ्याचं नाव आलं, माझ्या नवऱ्याचं. मग तिने देवांना पत्ता सांगितला. करंजाड्याला जा, म्हणाली, फाटकाशी वॉचमन बसतो, तिसऱ्या माळ्यावर मांडव आहे. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मग तिने नवरीच्या आईला बोलवायला घेतलं, आणि माझ्या आईचं नाव घेतलं.

धवल्यात आईला तीनदा हाक मारतात. पहिल्या हाकेला आई सांगते, माझे हात पिठात आहेत. दुसऱ्या हाकेला, पुतण्याच्या लग्नात ऐकलेलं मला आठवत होतं, आई म्हणते की चुलीवर दूध आहे. इथे तसं नव्हतं. इथे दुसऱ्या हाकेला माझी आई म्हणाली, लोक काय म्हणतील. आणि तिसऱ्या हाकेला ती आली. हातात हळदीची वाटी घेऊन, गुडघा दुखत होता म्हणून हळूहळू, तीन माळे चढून आली आणि पोरीच्या गालाला हळद लावली.

नवरा आंघोळ करून बाहेर आला. मला बघून त्याला वाटलं कुणीतरी गेलं. मी हेडफोन त्याच्या कानाला लावले आणि सुरुवातीपासून वाजवलं. तो ओल्या केसांनी टेबलाला टेकून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी गालाला लागलेली हळद खरी होती."

"मी ती साबणाने धुतली रे," मी म्हटलं, आणि मग मात्र मला आवरेना. आईसाठी मी इतकं तिच्या दिवसांनाही रडले नव्हते.

खुणा मी करून दिल्या नाहीत. संगीतकाराला सांगितलं, नावांना हात लावायचा नाही. पडद्यावर नवरी मांडवात येईपर्यंत धवला वाजेल, नावं यायच्या आधी तो मंद होत लाटांच्या आवाजात जाईल. तो म्हणाला, पण ते तर डमी आहे ना? मी म्हटलं, नाही. दिग्दर्शकाने जरा कुरकुर केली, मग त्याला तेच आवडलं. आता मुलाखतीत सांगतो, ही माझी कल्पना.

वैशाखात आम्ही दोघं गव्हाणला गेलो. सकाळची वेळ, अंगणात मांडव, उंबराची फांदी बांधलेली. मावशी गाणार की नाही हे मला अजूनही ठाऊक नव्हतं. तिने माझं नाव घेतलं होतं खरं, पण तिच्या हिशोबात ते चाललं होतं की नाही, हे तिचं तिलाच माहीत. मी मागे बायकांत बसले. नवरी समोर पाटावर, बारीक चणीची, सारखी दाराकडे बघणारी. दारातून मावशी आली, त्याच नऊवारीत. वाकली, पिठाचा चौक भरला, त्याच्यापुढे मांडी घातली. जाऊ बाजूला बसली. नवरीने इतका मोठा श्वास सोडला की मला मागे ऐकू आला.

मावशी गायली. नातीच्या गेलेल्या आईला तिने तीनदा हाक मारली, आणि तिसऱ्या हाकेला तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही.

मग सवाष्णींना बोलवायला उठली. चार जणी झाल्या. पाचव्या वेळी तिने बायकांवरून नजर फिरवली आणि माझं नाव घेतलं. त्या बाईने मला अकरा वर्षांत ‘बाय’ शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. मी उठले. पाय बधिर झाले होते, लंगडत गेले. नवरीच्या गालांना हळद लावली. जरा जास्तच घेतली होती, तिच्या नाकालाही लागली, ती हसली.

जेवणं झाल्यावर मावशी पडवीत पाय पसरून बसली होती. मी शेजारी बसले. काय बोलावं ते ठरवून आले होते, ते सगळं विसरले. एवढंच विचारलं, "मावशी, माझंच नाव का घेतलंत?"

ती पान जुळवत होती. "तुजी आय बोलली व्हती," ती म्हणाली. "तवा, फाटकावर बसायची ना. तू सया करत व्हतीस त्या दिशी ती घरात दार लावून हलद कुटत बसली व्हती. वाटी भरून. मंग ती वाटी कुनाला द्यायची, म्हनून रडली. मना बोलली, माज्या पोरीचा एकदा धवला गा. मी बोलली, नाय. मांडव नाय, कायच नाय, कसा गाऊ? खोटा व्हईल. ती काय बोलली नाय परत. मना लागून ऱ्हायला ता."

तिने पान तोंडात टाकलं आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"त्या दिशी देव येऊन बसलेले. तू बोललीस, कोनाचा बी नाव घ्या. मंग घेतला."